झे, झेझिन्यु आणि झे पोविन्यु : एका पोर्तुगीज लाडनावाची घडण

प्रत्येक भाषेत विशेषनामांची दोन कुळे असतात. एक, बारशाच्या दिवशी ठेवलेल्या आणि पुढे दप्तरी नोंदल्या जाणाऱ्या नावांचे. दुसरे, घरात, अंगणात आणि मित्रमंडळींत आपोआप रूढ होणाऱ्या लाडनावांचे. व्याकरणकार दुसऱ्या कुळाची दखल सहसा तळटीपेत घेतात आणि कोशकार ते वगळून पुढे जातात. कथा-कादंबरीच्या अभ्यासकाला मात्र असे करून चालत नाही. दोन पात्रांमधील अंतर किती, त्यांत वडीलधारे कोण, रुसवा कोणाचा आणि अधिकार कोणाचा, हे बहुधा ती एकमेकांना कोणत्या नावाने हाक मारतात ह्यावरूनच वाचकाला कळते. अनुवादकाची गोष्ट तर त्याहून बिकट आहे. अशी हाक एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेताना तिचा अर्थ शिल्लक राहतो आणि सूर मागे राहतो.

पोर्तुगीज भाषेतील 'जुझे' हे नाव ह्या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. सेंट जोसेफचे हे नाव पोर्तुगाल आणि ब्राझील ह्या दोन्ही देशांत अतिशय रूढ आहे. घरी त्याचा 'झे' होतो. 'झे'चा 'झेझिन्यु' होतो. आणि 'झे पोविन्यु' ह्या रूपात तेच नाव एका संपूर्ण जनसमूहाचे नाव बनते. ह्या तीन पायऱ्या कशा घडल्या, आणि 'इन्यु' हा जो प्रत्यय त्यांच्या घडणीत येतो त्याचा भाषेच्या व्यवहारात नेमका उपयोग काय, ह्याचे विवेचन येथे करावयाचे आहे. प्रत्ययाला रूढीप्रमाणे 'लघुत्वदर्शक' म्हटले, तरी तो वस्तूचा आकार क्वचितच सांगतो. बोलणारा आणि ती वस्तू किंवा व्यक्ती ह्यांतील अंतर तो सांगतो, हे ध्यानात ठेवले म्हणजे पुढील बऱ्याच गोष्टी उलगडतात.

लिप्यंतराविषयी एक खुलासा. पोर्तुगीजमधील 'एन्-एच्' ही जोडाक्षरे एकाच तालव्य अनुनासिकाची खूण आहेत. आपल्या 'ञ' ह्या वर्णाशी त्याचे जवळचे नाते आहे. ही लेखनपद्धती पोर्तुगीजांनी तेराव्या शतकात दक्षिण फ्रान्समधील ओक्सितान भाषेकडून उचलली. आपल्याकडील वृत्तपत्रांत 'रोनाल्डिन्हो' असे जे लिहिले जाते ते इंग्रजी अक्षरांच्या मागे जाऊन. त्यातला 'ह' मूळ उच्चारात नाही. म्हणून प्रस्तुत लेखात हा प्रत्यय 'इन्यु' असा लिहिला आहे, आणि 'झे' मधील 'झ' हा 'झरा' ह्या शब्दातल्या झ-सारखा, तालव्य नव्हे तर दंत्य वाचावा.

१

'जुझे'चा 'झे' कसा झाला? ह्याचे उत्तर पोर्तुगीज भाषेच्या आघातपद्धतीत आहे. ह्या भाषेत शब्दातील एका अक्षरावर बलाघात असतो आणि उरलेली अक्षरे त्या मानाने दुबळी असतात. पोर्तुगालच्या उच्चारात तर ती जवळजवळ गिळली जातात. घाईने मारलेल्या हाकेत आघाताचे अक्षर तेवढे टिकते. 'जुझे' ह्या शब्दाचा आघात शेवटी आहे, म्हणून 'झे' उरले. ह्याच न्यायाने 'जुआकीं'चे 'कीं', 'फेर्नांदु'चे 'नांदु', 'इझाबेल'चे 'बेल' आणि 'सेबाश्तियांव'चे 'बाश्तियांव' किंवा ब्राझीलमध्ये नुसते 'तियांव' होते. 'फ्रांसिश्कु'चे 'शिकु' होते, त्यात बालभाषेतील वर्णबदलाचीही भर आहे. पण आघाताचा स्वर तेथेही सुटलेला नाही. गोव्याच्या ख्रिस्ती समाजात 'सेबाश्तियांव' ह्या नावाचे जे 'बस्त्यांव' हे कोंकणी रूप चालते, त्यातही आरंभीचे दुबळे अक्षर गळून आघाताचा भाग राहिला आहे. 'जुझे' आणि 'जुवांव' ही कोंकणी रूपे तर पोर्तुगीज उच्चाराच्या इतकी जवळ आहेत की मूळ ध्वनी मराठी वाचकाला समजावून देण्यास तीच सर्वांत सोयीची.

आपल्या परंपरेशी येथे एक उद्बोधक भेद दिसतो. पाणिनीने अष्टाध्यायीच्या पाचव्या अध्यायात माणसांच्या लांबलचक नावांचा संक्षेप कसा होतो ह्याचे नियम दिले आहेत. 'देवदत्त' ह्या नावापासून अनुकंपा दाखविण्यासाठी 'देविक', 'देविय', 'देविल' अशी रूपे होतात. म्हणजे नावाचा आरंभ राखावयाचा, दुसऱ्या स्वरापुढील भाग सोडावयाचा आणि त्याला प्रत्यय जोडावयाचा. मराठीही बहुधा ह्याच वाटेने जाते: 'पुरुषोत्तम'चा 'पुरू', 'विठ्ठल'चा 'विठू', 'तुकाराम'चा 'तुका' आणि 'तुकोबा'. आपण नावाचे शिर धरतो. पोर्तुगीज माणूस नावाचा आघात धरतो. त्यामुळे पोर्तुगीज लाडनाव पाहून मूळ नाव ओळखणे आपल्याला कठीण जाते.

२

आता प्रत्ययाकडे वळू. 'इन्यु' (स्त्रीलिंगी 'इन्या') ह्याचे मूळ लॅटिनमधील '-इनुस' हा प्रत्यय होय. तो आरंभी लघुत्वदर्शक नव्हता. तो संबंध दाखवीत असे. समुद्राचे ते 'मारिनुस', देवाचे ते 'दिविनुस'. व्यक्तिनामांत तो वंशाचा किंवा संबंधाचा वाचक होता: 'अंतोनियुस'वरून 'अंतोनिनुस', 'औगुस्तुस'वरून 'औगुस्तिनुस'. अमक्याचा तो, म्हणजे अमक्याचे मूल, म्हणजे लहानगा, अशा क्रमाने संबंधाच्या अर्थातून लघुत्वाचा आणि लघुत्वातून लडिवाळपणाचा अर्थ निघाला असावा, हे समजण्यास कठीण नाही. इटालियनमध्ये ह्याच प्रत्ययाचा 'इनो' झाला. पोर्तुगीजमध्ये दोन स्वरांमधला 'न' प्रथम गळाला व मागच्या स्वराला अनुनासिकत्व देऊन गेला. पुढे त्या सानुनासिक 'ई' आणि 'ओ' ह्यांच्यामध्ये तालव्य अनुनासिक उभे राहिले. 'विनुम' ह्या लॅटिन शब्दाचा 'विन्यु' (मद्य) झाला तो ह्याच मार्गाने.

ह्यावरून एक सावधगिरी सुचते. शब्दाच्या शेवटी 'इन्यु' दिसले की तेथे लाड आहे, असे समजू नये. 'विन्यु', 'राइन्या' (राणी), 'गालिन्या' (कोंबडी), 'फारिन्या' (पीठ) ह्यांत प्रत्ययच नाही. मूळ शब्दातला 'न' तेवढा बदलला आहे. 'आगोश्तिन्यु' हे नाव म्हणजे 'छोटा आगोश्तु' नव्हे. ते औगुस्तिनुस ह्या लॅटिन नावाचे नैसर्गिक रूपांतर आहे. 'मार्तिन्यु' हेही तसेच. 'कुतिन्यु' हे आडनाव, जे आपण गोव्यात व मुंबईत 'कुतिन्हो', 'कुटिन्हो' असे लिहिलेले पाहतो, त्यात मात्र प्रत्यय खराच आहे. 'कोतु' म्हणजे संरक्षित, राखीव जमीन, तिचा तो लहान तुकडा. पणजी शहरात तर हा प्रत्यय रोजच्या पत्त्यात येतो. टेकडीवरील 'आल्तिनो' ही वस्ती म्हणजे 'आल्तु' (उंच) ह्या शब्दाचे लघुरूप, लहानशी उंचवट. आणि तिच्या पायथ्याची 'फोंताइन्यास' ही पेठ म्हणजे लहान लहान झरे. पोर्तुगीज सत्ता १९६१ मध्ये संपली, पण हा प्रत्यय त्या दोन स्थळनामांत राहून गेला.

लॅटिनचे स्वतःचे लघुत्वदर्शक प्रत्यय वेगळेच होते, आणि त्यांची हकिकत मोठी बोधप्रद आहे. 'ओविकुला' म्हणजे लहान मेंढी, 'आपिकुला' म्हणजे लहान मधमाशी, 'औरिकुला' म्हणजे छोटासा कान. लोक ही लाडकी रूपे इतकी वापरू लागले की मूळ शब्द मागे पडले, आणि पोर्तुगीजमध्ये 'ओवेल्या', 'आबेल्या', 'ओरेल्या' हे मेंढी, मधमाशी आणि कान ह्यांचे साधे, कोरडे शब्द होऊन बसले. लडिवाळपणा वापराने झिजतो. जुना प्रत्यय झिजल्यावर भाषेला नवा लागतो, आणि पोर्तुगीजने तो 'इन्यु'मध्ये शोधला. 'इन्यु'ही काही ठिकाणी झिजलाच आहे: 'पाद्रिन्यु' हा आज धर्मपित्याचा साधा वाचक आहे आणि 'सोझिन्यु' ह्याचा अर्थ केवळ 'एकटा' असा होतो.

रूपसिद्धीचे दोन नियम नावांच्या बाबतीत विशेष महत्त्वाचे आहेत. शब्दाच्या शेवटी आघातहीन स्वर असेल तर तो काढून 'इन्यु' लागतो: 'पेद्रु'चा 'पेद्रिन्यु', 'शिकु'चा 'शिकिन्यु'. शेवटचा स्वर आघाताचा किंवा सानुनासिक असेल, तर त्याला हात न लावता मध्ये 'झ' येतो: 'काफे'चे 'काफेझिन्यु', 'जुआंव'चा 'जुआंवझिन्यु', आणि 'झे'चा 'झेझिन्यु'. ह्या दुसऱ्या प्रकारात मूळ शब्द इतका अभंग राहतो की अनेकवचनसुद्धा आत होते. आपला 'पाव' हा शब्द ज्या पोर्तुगीज शब्दावरून आला, त्याचे अनेकवचन मधला स्वर बदलून होते. त्याच्या लघुरूपाच्या अनेकवचनातही तो आतला स्वर बदललेला असतो, आणि प्रत्ययालाही अनेकवचन लागते. एकाच शब्दात दोन ठिकाणी वचन दिसावे, हे व्याकरणदृष्ट्या लक्षणीय आहे.

दुसरी गोष्ट अशी की नावाच्या शेवटचा वर्ण लाडातही टिकतो. 'कार्लुस'चे 'कार्लिन्युस' होते, 'लुकास'चे 'लुकिन्यास' होते. 'लुकास' हा पुरुष असूनही शेवटी 'आस' राहतो, कारण ते त्याच्या नावाचे आहे. प्रत्यय नावाच्या पोटात शिरतो, नाव मोडीत नाही. हाकेने माणूस लहान झाला तरी त्याची ओळख पुसू नये, अशी जणू भाषेनेच घेतलेली ही दक्षता आहे.

३

प्रत्ययाचा व्यवहार पाहू लागलो की लघुत्वाची कल्पना जवळजवळ सोडून द्यावी लागते. ब्राझीलमध्ये 'काफेझिन्यु' घेण्याचा आग्रह होतो तेव्हा पेला लहान असतो हे खरे, पण आग्रह पेल्याच्या मापाचा नसतो. 'बसा, घाई करू नका' असा त्याचा आशय असतो. 'मिनुतिन्यु' हे मिनिट साठ सेकंदांहून लहान नसते, बहुधा मोठेच असते. थांबावयास सांगण्यातली रुक्षता तेवढी प्रत्ययाने काढून घेतलेली असते. प्रत्यय नामांपुरताही थांबत नाही. 'पेर्तु' म्हणजे जवळ, 'पेर्तिन्यु' म्हणजे अगदी जवळ. 'तुदु' म्हणजे सर्व, 'तुदिन्यु' म्हणजे सगळेच्या सगळे. येथे लघुत्वदर्शक प्रत्यय अर्थ कमी करण्याऐवजी वाढवितो. पोर्तुगालमध्ये निरोप घेतानाचा 'आदेउश' ह्यालाही प्रत्यय लागून 'आदेउझिन्यु' होते. सर्वनामही सुटले नाही. ब्राझीलच्या बोलीत 'एउ' (मी) ह्याचे 'एउझिन्यु' होते, आणि त्यात स्वतःविषयीची कौतुकमिश्रित थट्टा असते.

हाच प्रत्यय उपहासाचेही साधन होतो. आभार मानण्याचा 'ओब्रिगादु' हा शब्द पोर्तुगालमध्ये 'ओब्रिगादिन्यु' झाला की तो कधी जिव्हाळ्याचा असतो, कधी 'फारच उपकार झाले' अशा चालीचा. ग्रंथकाराच्या पुस्तकाला 'लिव्रिन्यु' म्हणणे हे मित्राच्या तोंडी कौतुक आणि टीकाकाराच्या तोंडी अवहेलना होते. ह्यात आश्चर्य मानण्याचे कारण नाही. पाणिनीनेही 'क' ह्या एकाच प्रत्ययाला कुत्सा, अनुकंपा आणि अल्पता हे तिन्ही अर्थ दिले आहेत. जो आपल्याहून लहान भासतो त्याच्याविषयी माया वाटते किंवा तुच्छता. प्रत्यय दोहोंना सारखाच जवळचा. कोणता अर्थ घ्यावयाचा ते बोलणाऱ्याच्या स्वरावरून आणि ऐकणाऱ्याच्या दर्जावरून ठरते.

नावांच्या बाबतीत प्रत्यय सापेक्षता दाखवितो, ह्याचे सर्वपरिचित उदाहरण फुटबॉलचे आहे. १९९४ च्या विश्वचषकासाठी निवडलेल्या ब्राझीलच्या संघात रोनाल्दो नावाचे दोन खेळाडू होते. थोरल्याला महत्त्वदर्शक प्रत्यय लावून 'रोनाल्दांव' म्हणत आणि सतरा वर्षांच्या धाकट्याला 'रोनाल्दिन्यु'. हा धाकटा पुढे केवळ 'रोनाल्दो' म्हणून जगप्रसिद्ध झाला. आणि १९९९ मध्ये त्याच नावाचा त्याहून धाकटा खेळाडू राष्ट्रीय संघात आला तेव्हा 'रोनाल्दिन्यु' हे नाव त्याच्याकडे गेले. प्रत्यय माणसाला चिकटलेला नव्हता. थोरल्या-धाकट्याच्या नात्याला चिकटलेला होता.

आदर आणि सलगी ह्यांचा मिलाफही ह्या भाषेला परका नाही. ब्राझीलमध्ये वृद्ध दुकानदाराला 'सेउ झे' म्हणतात. 'सेउ' हे 'सेन्योर' ह्या आदरार्थी शब्दाचे झिजलेले रूप आहे. वयोवृद्ध बाईला 'दोना मारियाझिन्या' म्हटले जाते. मराठी वाचकाला हे चटकन समजावे. 'बाळासाहेब' ह्या नावात बाळ आणि साहेब एकत्र नांदतात, 'बापूराव' आणि 'नानासाहेब' ह्यांतही. त्यात विसंगती आहे असे आपल्याला कधी वाटत नाही.

पत्रव्यवहारातील एक उदाहरण येथे नोंदविण्यासारखे आहे. फेर्नांदु पेसोआ हा विसाव्या शतकातील सर्वश्रेष्ठ पोर्तुगीज कवी. स्वतःतून अनेक कवी निर्माण करून त्या प्रत्येकाला स्वतंत्र नाव आणि चरित्र देणारा हा बुद्धिनिष्ठ लेखक १९२० मध्ये ओफेलिया केइरोश हिला पत्रे लिहितो तेव्हा 'ओफेलिन्या', 'बेबेझिन्यु' अशा रूपांचा वर्षाव करतो. १९७८ मध्ये ही पत्रे प्रसिद्ध झाली. त्यांतील लडिवाळ भाषा कवीच्या अन्य लेखनाशी विसंगत वाटली, तरी नावे घडविणे हा ज्याचा आयुष्यभराचा उद्योग, त्याने प्रेमातही तोच उद्योग करावा, हे स्वाभाविकच म्हटले पाहिजे.

४

'झे' हे नाव व्यक्तीचे न राहता समाजाचे कसे झाले, ह्याला निश्चित तारीख आहे. राफाएल बोर्दालु पिन्येइरु (१८४६–१९०५) ह्या व्यंगचित्रकाराने १२ जून १८७५ रोजी लिस्बनच्या 'आ लांतेर्ना माजिका' ह्या नियतकालिकात एक चित्र काढले. दुसरा दिवस सेंट अँथनीच्या सणाचा. सणाची दक्षिणा म्हणून मंत्री एका खेडुताकडून पैसे काढीत आहेत, असे ते चित्र होते. कराचे ओझे धर्माच्या नावाखाली कोणावर पडते ते त्यात दाखविले होते. त्या खेडुताचे नाव 'झे पोविन्यु'. 'पोवु' म्हणजे लोक, प्रजा; 'पोविन्यु' म्हणजे क्षुद्र प्रजा, रयतेतली रयत. पुढे हा दाढीवाला, गोल चेहऱ्याचा माणूस पोर्तुगीज सामान्यजनांचे कायमचे प्रतीक बनला. बोर्दालुने पुढे काल्दास दा राइन्या येथे १८८४ पासून चालविलेल्या कारखान्यात त्याच्या मातीच्या मूर्तीही केल्या. दोन्ही हातांनी नकाराची अशिष्ट खूण करणारा झे त्यांतून घरोघर गेला.

ह्या नावाची घडण नीट पाहावी. 'झे' मध्ये सलगी आहे. 'पोविन्यु' मध्ये वरून पाहणाऱ्याची तुच्छता आहे. परंतु चित्र सामान्यांच्या बाजूचे आहे. म्हणजे सत्ताधाऱ्यांनी ज्या शब्दाने रयतेला हिणविले, तोच शब्द तिचे नाव म्हणून स्वीकारून चित्रकाराने तो सत्ताधाऱ्यांवर उलटविला. लाडनाव राजकीय होऊ शकते ते असे.

ब्राझीलमध्ये प्रत्ययाची ही दुसरी बाजू अधिक गडद आहे. वसाहतकाळातील सर्वांत थोर शिल्पकार आंतोनियु फ्रांसिश्कु लिस्बोआ हा पोर्तुगीज वास्तुकाराचा आणि आफ्रिकन गुलाम स्त्रीचा पुत्र. व्याधीने त्याचे हातपाय झडत गेले, आणि लोकांनी त्याला 'आलेइजादिन्यु', म्हणजे 'बिचारा पांगळा', हे नाव दिले. कोंगोन्यास येथील बारा प्रेषितांच्या शिळामूर्ती त्याने १८०० ते १८०५ ह्या वर्षांत ह्याच अवस्थेत उभ्या केल्या. १८१४ मध्ये तो निवर्तला. इतिहासात त्याचे खरे नाव मागे पडले आणि व्यंगावरून पडलेले नाव राहिले. प्रत्यय नसता तर ते नाव क्रूर झाले असते. प्रत्ययाने ते दयाळू झाले, पण व्यंगाची आठवण पुसली नाही.

ब्राझीलच्या दोन विचारवंतांनी ह्या प्रश्नाचा परामर्श घेतला आहे. जिल्बेर्तु फ्रेइरे ह्याने १९३३ च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात असे मांडले की ऊसमळ्यांच्या वाड्यांत मालकांच्या मुलांना वाढविणाऱ्या कृष्णवर्णीय दायांनी पोर्तुगीज भाषेतील कठीणपणा जणू चघळून मऊ केला आणि भारदस्त नावांची गोड, द्विरुक्त लाडनावे केली. सेर्जियु बुआर्के दि ओलांदा ह्याने १९३६ मध्ये 'राइझेस दु ब्राझिल' ह्या ग्रंथात 'इन्यु'च्या विपुल वापराला ब्राझिली स्वभावाचे लक्षण ठरविले. त्याच्या मते हा प्रत्यय वस्तूंना आणि माणसांना हृदयाजवळ आणण्याचे साधन आहे; दूरस्थ, औपचारिक संबंध ह्या समाजाला सोसत नाही. लिझ्यूच्या संत तेरेझाला लोक 'सांता तेरेझिन्या' म्हणतात, ह्याकडेही त्याने लक्ष वेधले. विठ्ठलाला 'विठू' आणि ज्ञानदेवाला 'ज्ञानोबा' म्हणणाऱ्या समाजाला ही भक्ती अपरिचित नाही.

ह्या दोन्ही मतांना काही मर्यादा घालणे आवश्यक आहे. 'झे', 'शिकु', 'बेल' ही रूपे पोर्तुगालातही रूढ आहेत. तेव्हा लाडनावांचा उगम सर्वस्वी मळ्यावरच्या दाईकडे नेता येणार नाही. ब्राझीलमध्ये त्यांचा प्रसार आणि माधुर्य वाढले ह्याचे श्रेय तिला देता येईल. शिवाय ज्या वाड्यात ही लाडनावे घडली तेथे गुलामगिरी होती, आणि ती १८८८ पर्यंत टिकली. मालकाचा मुलगा दाईच्या तोंडी लाडका होता; दाईला मात्र तो आणि त्याचे वडील नुसत्या नावाने हाक मारीत, आणि त्या नुसत्या नावात सलगीहून मालकीच अधिक होती. सेर्जियु बुआर्केनेही 'हृदयाचा माणूस' म्हणताना 'चांगला माणूस' असे म्हटलेले नाही. वैरही हृदयातूनच निघते, हे त्याने स्पष्ट केले आहे. प्रत्यय जवळीक दाखवितो हे मान्य केले, तरी त्या जवळिकीची अट कोण ठरवितो, हा प्रश्न उरतोच.

५

थोर कादंबरीकारांनी हा प्रश्न ओळखला होता. एसा दि केइरोश ह्याच्या 'ओस माइयास' (१८८८) ह्या कादंबरीत दोन मुलांचे संगोपन समोरासमोर ठेवले आहे. नायक कार्लोस इंग्रज शिक्षकाच्या हाताखाली, थंड पाण्याने स्नान करीत आणि व्यायाम करीत वाढतो. शेजारचा एउझेबियु दुलईत गुरफटून, पाठ केलेली पद्ये म्हणून दाखवीत वाढतो. ह्या दुसऱ्या मुलाला सर्वजण 'एउझेबियुझिन्यु' म्हणतात. तो मोठा होतो, विधुर होतो, काळा चष्मा लावून संशयास्पद संगतीत वावरू लागतो, तरी प्रत्यय सुटत नाही. बालपणीचा लाड प्रौढपणी शिक्षेसारखा त्याला चिकटून राहतो. पोर्तुगीज समाजावरील एसाची टीका ह्या एका प्रत्ययात साठविलेली आहे.

माशादु दि आसिस ह्या ब्राझिली लेखकाच्या 'दोम कास्मुर्रु' (१८९९) मध्ये नावाचा प्रवास उलटा आहे. निवेदक बेंतु सांतियागु आईचा आणि पुढे पत्नी कापितूचा 'बेंतिन्यु' असतो. 'कापितू' हेही 'कापितोलिना'चे लाडनावच. वृद्धपणी एकलकोंड्या झालेल्या ह्या माणसाला आगगाडीत भेटलेला एक तरुण कवी 'दोम कास्मुर्रु' हे टोपणनाव देतो. 'कास्मुर्रु' म्हणजे घुमा, आणि 'दोम' ही सरदारी पदवी थट्टेने लावलेली. लाडक्या प्रत्ययाच्या जागी उपहासाची पदवी आली, आणि ह्या दोन नावांमधल्या अंतरात संशय, विरह आणि मृत्यू ह्यांची सर्व कथा घडून गेली. आश्रित जुझे दियास ह्याला अतिशयदर्शक विशेषणांचा सोस होता, हे माशादुने मुद्दाम नोंदविले आहे. आश्रिताची भाषा फुगविणारी आणि आईची भाषा लहान करणारी. दोहोंच्या मध्ये वाढलेल्या मुलाला स्वतःचे खरे माप कधीच मिळाले नाही, असा अर्थ त्यातून काढता येतो.

गिमारांइस रोझा ह्याच्या १९५६ च्या 'कोर्पु दि बाइले' ह्या संग्रहातील 'मिगिलिं' हा आठ वर्षांचा मुलगा मिनास प्रांतातला आहे, आणि त्या प्रांताच्या बोलीत 'इन्यु'चा 'इं' होतो. १९६४ मध्ये त्यातील दोन कथा 'मानुएल्झांव इ मिगिलिं' ह्या नावाने एकत्र आल्या. एकाच्या नावाला महत्त्वदर्शक प्रत्यय, दुसऱ्याच्या नावाला लघुत्वदर्शक. ग्रंथनामातच वार्धक्य आणि बालपण समोरासमोर उभे आहेत. जुझे माउरु दि वास्कोंसेलुस ह्याच्या १९६८ च्या लोकप्रिय कादंबरीतील पाच वर्षांचा 'झेझे' तर स्वतःच लाडनावे देणारा आहे. घरी मार खाणारा हा मुलगा परसातल्या मोसंबीच्या रोपट्याला 'मिंगिन्यु' म्हणतो आणि फारच प्रेम दाटून आले की 'शुरुरुका'. स्वतःला न मिळालेला प्रत्यय तो झाडाला देतो.

६

अशा लेखनाच्या मराठी अनुवादकाने काय करावे? 'झेझिन्यु'ला 'छोटा झे' करणे सर्वांत सोपे आणि सर्वांत चुकीचे. 'झ्या' किंवा 'जोशा' असे करावे, तर मराठीतील 'या' प्रत्यय सलगीबरोबर उद्धटपणाही आणतो, आणि पोर्तुगीज पात्र एकदम आपल्या आळीतले होऊन बसते. माझ्या मते विशेषनाम मूळ रूपातच ठेवावे, पण त्याच्या रूपांतला फरक कटाक्षाने राखावा. ज्या वाक्यात 'जुझे' आहे तेथे 'जुझे'च, आणि जेथे 'झेझिन्यु' आहे तेथे 'झेझिन्यु'च यावा. सर्वत्र एकच नाव योजून वाचकाची सोय केली, तर नावांच्या चढउतारांत लेखकाने ठेवलेली कथा नाहीशी होईल.

सामान्य शब्दांतील प्रत्ययाबद्दल मात्र वेगळा विचार करावा लागेल. पोर्तुगीज भाषा जे काम नामाच्या शेपटाला सांगते, ते मराठी बहुधा वाक्यातील अव्ययांना सांगते. 'मिनुतिन्यु' म्हणजे 'मिनिटुकले' नव्हे. 'एकच मिनिट हं' हा त्याचा खरा अनुवाद. 'काफेझिन्यु'साठी 'घोटभर कॉफी घ्या की' हे रूप चालेल. 'जरा', 'ना', 'बरं का', 'गं', 'रे' ह्या शब्दांत, तसेच 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' ह्यांच्या निवडीत मराठीची लडिवाळपणाची शक्ती साठविलेली आहे. प्रत्ययाला प्रत्यय शोधत बसणारा अनुवादक शब्दकोशाशी प्रामाणिक राहील. पात्रांमधील अंतर शोधणारा अनुवादक कृतीशी.

उपहासाच्या आणि सत्तेच्या छटांसाठी तर त्याहून अधिक दक्षता हवी. 'एउझेबियुझिन्यु' ह्या नावातला डंख, 'आलेइजादिन्यु' ह्या नावातली दया आणि 'पोविन्यु' मधला तुच्छतेवर उलटविलेला अभिमान, ही एकाच प्रत्ययाची तीन कामे आहेत आणि ती एका मराठी रूपाने साधणार नाहीत. प्रत्येक ठिकाणी अनुवादकाने स्वतःला विचारावे की ही हाक कोण मारीत आहे, ती मारण्याचा अधिकार त्याला कोणी दिला, आणि ज्याला मारली त्याला उलट तशीच हाक मारता येते काय. ह्या प्रश्नांची उत्तरे हाती असली, तर दोन अक्षरांचे 'इन्यु' एखाद्या 'रे'मध्ये, एखाद्या 'बिचारा'मध्ये, प्रसंगी नुसत्या मौनातही मराठीत आणता येईल.